मेडोज टेलरची 'तारा' आणि तिचे जाणकार

एखाद्या कादंबरीकाराचे वाचक एकत्र येऊन त्याच्याविषयीचे आपापले ज्ञान परस्परांना देऊ लागले, म्हणजे त्या लेखकाच्या मरणोत्तर आयुष्याला निराळेच वळण लागते. विक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रज कादंबरीकारांच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडले. ब्राँटे भगिनींच्या नावाची संस्था १८९३ साली निघाली. डिकेन्सच्या चाहत्यांचे मंडळ १९०२ साली लंडनमध्ये स्थापन झाले आणि १९०५ पासून 'द डिकेन्सियन' हे त्याचे नियतकालिक निघू लागले. अशा मंडळांत विद्यापीठीय पंडितांच्या शेजारी हौशी वाचक बसतो आणि दोघांच्या देवघेवीतून कादंबरीच्या पानाखाली जाणाऱ्या टीपा तयार होतात. कथेतील अमुक खाणावळ कोणत्या गल्लीत होती, अमुक शिवी त्या काळी कोणत्या थरातील लोक देत, असले प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतात. परंतु त्यांची उत्तरे हाती असल्यावाचून लेखकाने काय पाहिले, काय ऐकले आणि काय कल्पिले, हे वेगळे काढता येत नाही. आणि ते वेगळे काढल्यावाचून त्याच्या कलेविषयी विधान करणे धाडसाचे ठरते.

सोलापूर जिल्ह्याच्या वेशीवर बसून ज्याने आपल्या कादंबरीची सामग्री गोळा केली, त्या फिलिप मेडोज टेलर या विक्टोरियन कादंबरीकाराच्या वाट्याला असे मंडळ आले नाही. त्याचे जाणकार नाहीत असे मात्र नाही. ते पुष्कळ आहेत, पण त्यांचे दोन वर्ग पडले आहेत आणि या वर्गांची एकमेकांशी ओळख नाही. पहिल्या वर्गाला टेलरची पुस्तके ठाऊक आहेत. दुसऱ्याला त्या पुस्तकांतील मुलूख, देवस्थाने, आडनावे आणि आचार ठाऊक आहेत. 'तारा' या त्याच्या महत्त्वाच्या कादंबरीचे मूल्यमापन अडून राहिले आहे ते या दुराव्यामुळे.

टेलरचा जन्म १८०८ साली लिव्हरपूल येथे झाला. तो १८२४ साली मुंबईस एका व्यापारी पेढीतील नोकरीसाठी आला आणि त्याच वर्षी निजामाच्या चाकरीत शिरला. कंपनीच्या सनदी अधिकाऱ्यांच्या पंक्तीत त्याला कधी बसता आले नाही. कदाचित त्यामुळेच त्याला लोकांच्या पंक्तीला अधिक बसता आले. सुरपूर संस्थानचा राजा अज्ञान असताना तेथील कारभार त्याने १८४१ पासून सुमारे बारा वर्षे पाहिला. १८५३ च्या तहान्वये निजामाकडून इंग्रजांकडे आलेल्या मुलखापैकी नळदुर्गचा भाग त्याच्या हाती देण्यात आला आणि १८५७ पर्यंत तो तेथे होता. तुळजापूर त्याच्याच हुकमतीत येत होते. नोकरी सोडून तो १८६० साली स्वदेशी परतला आणि तीन वर्षांनी, १८६३ साली, 'तारा' तीन खंडांत प्रसिद्ध झाली. १८७६ साली त्याचा मृत्यू झाला. या तपशिलाचे महत्त्व एवढेच की, 'तारा' ही ग्रंथालयात बसून हिंदुस्थानची कल्पना करणाऱ्या माणसाची कृती नव्हे. तिच्यातील तुळजापूर हे चार वर्षे त्या मुलखाचा कारभार पाहिलेल्या माणसाचे तुळजापूर आहे.

पहिल्या वर्गातील जाणकारांची परंपरा टेलरच्या घरातूनच सुरू होते. त्याचे आत्मचरित्र 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' त्याच्या मुलीने संपादून १८७७ साली प्रकाशात आणले आणि त्याला त्याचा आप्त व 'एडिंबरो रिव्ह्यू'चा संपादक हेन्री रीव्ह याने प्रस्तावना लिहिली. त्या आत्मचरित्राची टीपांसह नवी आवृत्ती हेन्री ब्रूस याने १९२० साली काढली. टेलरने रीव्हला लिहिलेली पत्रे सर पॅट्रिक कॅडेल यांनी १९४७ साली प्रसिद्ध केली. दरम्यान भूपाल सिंग यांनी आंग्ल-भारतीय कथासाहित्याच्या १९३४ सालच्या आपल्या पाहणीत टेलरला स्थान दिले. डेव्हिड फिंकेलस्टाइन यांनी १९९० साली त्याच्या लेखनाची सूची केली. पुढे पॅट्रिक ब्रँटलिंगर, जावेद मजीद आदी अभ्यासकांनी साम्राज्य आणि कादंबरी यांच्या संबंधांच्या अनुरोधाने त्याचा विचार केला. ही मालिका लहान नाही आणि तिच्यातील श्रमही सामान्य नाहीत. पत्रे कोणी जपली, ती कोणी उतरवली, कोणती आवृत्ती केव्हा निघाली, हे सांगणारी माणसे नसती तर पुढच्या टीकेला उभे राहण्यास जागाच मिळाली नसती.

परंतु या मालिकेचा तोल एका बाजूला कललेला आहे. तिचे लक्ष बव्हंशी १८३९ सालच्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या पहिल्या कादंबरीवर खिळले आहे. ठगांचे आकर्षण हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे. ठगाचा कबुलीजबाब समजण्यास स्थळाचे फारसे ज्ञान लागत नाही; त्यातील रस्ता हिंदुस्थानातील कोणताही रस्ता असू शकतो. 'तारा'चे तसे नाही. तिचे पहिले पाऊल तुळजापुरात पडते आणि शेवटचा मोठा प्रसंग वाईस कृष्णाकाठी घडतो. ज्याला या दोन गावांतले अंतर केवळ मैलांत ठाऊक आहे, त्याला ही कादंबरी लांबलेली वाटणार, आणि तिच्याकडे पाठ फिरवणे त्याला सोपे जाणार.

कथानक थोडक्यात असे. तुळजापूरच्या व्यास शास्त्री नामक विद्वान ब्राह्मणाची मुलगी तारा ही बालविधवा. ती भवानीच्या सेवेस वाहून घेते आणि कादंबरीत तिला 'मुरळी' म्हटले आहे. मोरो त्रिमळ नावाचा कारस्थानी ब्राह्मण तिच्या अभिलाषेने तिच्या मागे लागतो. अफझलखानाची फौज विजापुराहून निघते, तुळजापूरच्या देवस्थानावर संकट कोसळते आणि या धामधुमीत खानाचा मुलगा फाझल आणि तारा यांची गाठ पडते. पुढे प्रतापगडच्या पायथ्याशी खान मारला जातो. इकडे वाईस सर्व बाजूंनी कोंडी झालेली तारा सती जाण्यास सिद्ध होते, तेव्हा फाझल तिला चितेवरून सोडवतो आणि दोघांचा विवाह होतो.

मराठी वाचकाला या सारांशातच एक नाव खटकते. ते म्हणजे मोरो त्रिमळ. ग्रँट डफच्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासात मोरोपंत पिंगळ्यांच्या वडिलांचे त्र्यंबक हे नाव 'त्रिमळ' अशा रूपात येते आणि त्यामुळे मोरोपंत हे 'मोरो त्रिमळ पिंगळे' होतात. म्हणजे कादंबरीतील स्त्रीलंपट खलपुरुष आणि शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतील पेशवा यांचे नाव एकच. इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांवरून हे नाव सहज निसटून जाते. त्याच्या दृष्टीने हिंदुस्थानी नावांच्या गर्दीतले ते आणखी एक. मराठी वाचक मात्र येथे थबकतो. टेलरने हे नाव ग्रँट डफच्या पानावरून उचलले, याविषयी संशय घेण्यास फारशी जागा नाही, कारण नावाचे ते विशिष्ट वळण तेथलेच आहे. प्रश्न उरतो तो हेतूचा. राज्यकर्त्या पुरुषाची बदनामी करण्याचा त्याचा उद्देश होता, की कानाला खरे वाटणारे एक नाव त्याला हवे होते आणि ते समोर दिसले, एवढेच? कादंबरीतील मोरोला पेशवेपदाचा, मुलूखगिरीचा वा किल्ल्यांच्या बांधकामाचा स्पर्श नाही. ऐतिहासिक मोरोपंतांच्या चरित्रातले त्याच्यात नावापलीकडे काहीही नाही. तेव्हा दुसराच तर्क अधिक संभवनीय दिसतो. तथापि एवढ्याने टेलर दोषमुक्त होत नाही. ज्या मुलखात ते नाव आदराने घेतले जाते त्या मुलखाचा कारभार त्याने केला होता. इतिहासकाराकडून नाव घ्यावे आणि त्या नावाचा माणूस मात्र घेऊ नये, हा बेफिकीरपणा त्याच्या कलेतील एका उणिवेकडे बोट दाखवतो. त्याला गावे आणि घरे दिसतात, पण राजकारणातली माणसे त्याला नावांपुरतीच दिसतात.

यातच ग्रँट डफवरील त्याच्या भिस्तीचा प्रश्न येतो. टेलर लिहीत होता तेव्हा छापील साधन म्हणून त्याच्यापुढे मुख्यतः तोच ग्रंथ होता. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी ग्रँट डफच्या बखरीवरील आपली प्रसिद्ध टीका १८६७-६८ च्या सुमारास मांडली. 'काव्येतिहाससंग्रह' १८७८ साली सुरू झाला. राजवाड्यांचा साधनांचा पहिला खंड १८९८ सालचा. आणि परमानंदाचे 'शिवभारत' छापून बाहेर पडण्यास १९२७ साल उजाडले. अफझलखानाच्या भेटीत कोणाचा वकील कोण होता, या साध्या प्रश्नाचे उत्तरही ग्रँट डफने उलटे दिले आहे. पंताजी गोपीनाथ हे महाराजांचे वकील असता त्याने त्यांना खानाच्या पदरचे आणि मागाहून फितवले गेलेले ठरवले, आणि त्या एका चुकीने साऱ्या प्रसंगाला विश्वासघाताचा रंग चढला. टेलरचा शिवाजी त्याच रंगात दिसतो याबद्दल त्याच्यावर संतापण्यापेक्षा, मराठी संशोधनाला प्रारंभ होण्याच्या चारपाच वर्षे आधी त्याने लेखणी खाली ठेवली, हे लक्षात घेणे अधिक न्याय्य होईल. कादंबरीतील सहानुभूती खानाच्या कुटुंबाकडे झुकते, ही गोष्ट मात्र केवळ साधनांच्या अभावाने घडलेली नाही. टेलरचे उभे आयुष्य मुसलमान अमीरउमरावांच्या राज्यात गेले होते आणि त्या घरांचा जिव्हाळा त्याच्या लेखणीत उतरला आहे. फाझल आणि त्याची बहीण यांची चित्रे कादंबरीतील सर्वांत सजीव चित्रांत मोडतात. मराठी वाचकाने केवळ ऐतिहासिक रागापायी ती वाचण्याचे टाळावे, असे त्यांत काही नाही.

आता 'मुरळी' या शब्दाकडे वळावयाचे. येथे दोन वर्गांतील दुरावा सर्वांत स्पष्ट दिसतो. ग्रंथालयात बसलेला समीक्षक या शब्दाचा अर्थ देवाला वाहिलेली आणि लोकांच्या उपभोगाचा विषय झालेली स्त्री एवढाच लावील, आणि तारेच्या पावित्र्याभोवती लेखकाने निर्माण केलेल्या ताणाची चर्चा त्या अर्थाच्या आधारे करील. ती चर्चा अगदीच व्यर्थ नाही. परंतु नातेपुत्याच्या बाजारात वाढलेल्या कोणाही माणसाला त्याआधी एक प्रश्न सुचेल: भवानीला मुरळी कोठून आली? मुरळी खंडोबाची. तिची जोडी वाघ्याशी, तिच्या कपाळी भंडारा आणि तिच्या हाती घोळ. भवानीचे ते आराधी आणि आराधिणी; त्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी आणि पोत. देवीचा जागर घालतो तो गोंधळी, संबळ-तुणतुण्यावर. यल्लम्माचे सेवक जोगते-जोगतिणी. हे भेद सामान्य माणसाने पुस्तकांतून शिकलेले नसतात. उंबऱ्याशी कोण येऊन उभे राहिले आणि त्याच्या हातावर काय ठेवावयाचे, यावरून ते त्याला लहानपणीच उमगतात.

नातेपुत्याचा उल्लेख येथे उगाच केलेला नाही. माळशिरस तालुक्यातील हे गाव ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या वाटेवर आहे. पालखी जेजुरीवरून, म्हणजे खंडोबाच्या पायथ्यावरून येते, फलटण आणि बरड मागे टाकते, धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्यास मुक्काम करून माळशिरस, वेळापूरच्या वाटेने पंढरीस जाते. गावापासून जवळच शिखर शिंगणापूरचा शंभुमहादेव. तो भोसल्यांचा देव. मालोजीराजांनी तेथे तळे बांधले आणि चैत्रात दूरदूरच्या कावडी तेथे चढतात. अशा गावात राहणाऱ्याला कोणत्या देवाचा कोण भक्त, हे सांगण्यास संशोधन करावे लागत नाही. शिवाय तुळजापूर, पंढरपूर, शंभुमहादेवाचे शिखर, मलवडी आणि तेथून वाई ही अफझलखानाच्या स्वारीची परंपरेने सांगितली जाणारी वाटही याच मुलखातून जाते. टेलरच्या कथेची दोन टोके ज्या पट्ट्याने जोडली जातात त्या पट्ट्यातले हे गाव आहे.

तेव्हा टेलरला देवीची सेविका आणि खंडोबाची मुरळी यांतला फरक कळला नव्हता काय? येथे स्थळाचे ज्ञान केवळ चूक दाखवून थांबत नाही, चुकीचे कारणही सुचवते. टेलर राहत होता त्या नळदुर्गाजवळच मैलारपूर हे खंडोबाचे मोठे ठाणे आहे. अणदूर आणि मैलारपूर या दोन ठिकाणी देव वर्षातील काही काळ आळीपाळीने राहतो आणि पौषात तेथे मोठी यात्रा भरते. म्हणजे चार वर्षे या माणसाच्या एका हाताला खंडोबाचे वाघ्या-मुरळी होते आणि दुसऱ्या हाताला तुळजापूरचे आराधी. दोन्ही ठिकाणी नवसाने वाहिलेली माणसे, दोन्ही ठिकाणी नाच, गाणे आणि अंगात येणे. शेजारी असलेल्या या दोन उपासना त्याच्या स्मरणात पुढे हिंदुस्थान सोडल्यावर लिहिताना एकमेकींत मिसळल्या असाव्यात, असा तर्क बळकट दिसतो. त्याखेरीज आणखी एक शक्यता तपासण्यासारखी आहे. आराधीण ही व्रतस्थ गृहिणीही असू शकते; तिच्या भोवती लोकापवादाचे वलय असतेच असे नाही. कादंबरीकाराला तर असे वलय हवे होते. निष्कलंक ब्राह्मण विधवा आणि तिच्या नावाला चिकटलेली संशयास्पद संज्ञा, या विरोधावर त्याचे कथानक उभे आहे. तो विरोध 'मुरळी' या शब्दाने साधतो, 'आराधीण' या शब्दाने साधत नाही. तसे असेल तर ही चूक नसून निवड आहे, आणि मग टीकेची दिशाच बदलते. लेखकाने मराठी लोकाचाराचे अज्ञान दाखवले असे न म्हणता, त्याने तो लोकाचार आपल्या गरजेसाठी वाकवला असे म्हणावे लागते.

विशेष हे की या प्रश्नावर अधिकाराने बोलू शकणारे पंडित मराठीत होऊन गेले आहेत. रा. चिं. ढेरे यांचा 'खंडोबा' १९६१ सालचा. शंभुमहादेव आणि तुळजाभवानी यांवरही त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने दख्खनच्या धनगर-गवळ्यांच्या देवांमागे आयुष्य घालवले आणि खंडोबाच्या परिवाराविषयी त्याच्याइतके बारकाईने फार थोड्यांनी लिहिले. 'तारा'ला उत्तम टीपा देण्याची पात्रता असलेली ही माणसे. परंतु त्यांचा विषय दैवते हा, कादंबरी नव्हे. आणि कादंबरीच्या अभ्यासकाचा हात त्यांच्या ग्रंथांच्या फळीपर्यंत सहसा पोहोचत नाही. एकाच विद्यापीठाच्या दोन मजल्यांवरील दोन विभागांत चहाच्या वेळी जे बोलणे व्हावयास हवे, ते दीडशे वर्षांत झालेले नाही.

तुळजापूरच्या देवस्थानाविषयीही हेच. देवीच्या मुख्य पूजेचा मान भोपे पुजाऱ्यांकडे, आणि ते कदम आडनावाचे मराठे. कादंबरीचे केंद्र मात्र एका ब्राह्मण शास्त्र्याचे घर आहे. तुळजापूर ज्याने पाहिले आहे त्याला यातील भर कोठे दिला गेला हे तत्काळ कळते: देवस्थानच्या खऱ्या व्यवस्थेपेक्षा वैधव्याचा प्रश्न लेखकाला अधिक महत्त्वाचा वाटला, आणि तो प्रश्न त्या काळी ब्राह्मण घरातच सर्वांत तीव्र होता.

कालगणनेबाबत फार लिहिण्याचे कारण नाही. टेलरने मराठ्यांचा उदय १६५७, प्लासी १७५७ आणि उठाव १८५७ अशी शंभर शंभर वर्षांची साखळी कल्पून 'तारा', 'राल्फ डार्नेल' आणि 'सीता' या तीन कादंबऱ्या रचल्या. खानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजी झाला, हे आज शाळकरी मुलालाही माहीत असते. साखळी जुळावी म्हणून दोन वर्षे मागे सारली गेली. कादंबरीकाराला तेवढी मुभा द्यावी. मात्र इतिहासात असे शतकांचे ठोके ऐकू येणे हा १८५७ नंतरच्या इंग्रजी मनाचा छंद होता, एवढी नोंद टीपेत हवी.

हौशी जाणकाराच्या ज्ञानालाही मर्यादा असतात आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. स्थळाची ओळख पटली की पुस्तकाचे काम संपले, असा एक मोह त्याला पडतो. हार्डीच्या कादंबऱ्यांतील स्थळांवर हर्मन ली या त्याच्या स्नेह्याने १९१३ साली ग्रंथ लिहिला. तो उपयुक्त आहे. परंतु त्या वाटेने पुढे गेलेल्या कित्येकांनी हार्डीचा वेसेक्स हा प्रवाशांचा नकाशा करून टाकला. उद्या तुळजापुरात व्यास शास्त्र्यांचा वाडा म्हणून एखादे जुने घर दाखवले जाऊ लागले, किंवा वाईच्या एखाद्या घाटावर तारेच्या चितेची जागा ठरवली गेली, तर त्याने कादंबरी कळण्यास काडीचेही साहाय्य होणार नाही. दुसरा मोह अभिमानाचा. मोरोपंतांचे नाव पाहून पुस्तक मिटून टाकणारा वाचक जाणकार खरा, पण त्याचे ज्ञान त्याच्यापाशीच राहते. याच्या उलट विद्यापीठातील समीक्षकाचा मोह असा की, टेलर इंग्रज, अधिकारी आणि साम्राज्याचा सेवक, म्हणून त्याचे प्रत्येक वाक्य साम्राज्याचा दस्तऐवज. हे म्हणणे खोटे नाही, परंतु ते पुस्तक न उघडताही म्हणता येते.

या दोन्ही मोहांपलीकडे गेल्यावर 'तारा'चा खरा प्रश्न समोर येतो, आणि तो मराठी कादंबरीच्या अभ्यासकाचा आहे. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. 'तारा' १८६३ ची. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांचे 'मोचनगड', म्हणजे मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी, १८७१ सालची. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्ष्यांत कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक' पत्रात क्रमशः येऊ लागली आणि शिवकालावरील त्यांचा 'उषःकाल' त्याच दशकाच्या उत्तरार्धातला. या ओळीत 'तारा' नेमकी मधोमध येते. तिचा काळ 'उषःकाल'चा आणि तिची वेदना यमुनेची. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तिला जागा नाही, कारण ती इंग्रजीत आहे. इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात तिची दखल जेमतेम, कारण ती तुळजापूरची आहे.

'यमुनापर्यटन' आणि 'तारा' एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक साम्य प्रकर्षाने जाणवते. पदमनजींची यमुना विधवा झाल्यावर ख्रिस्ती धर्मात जाते आणि तेथे तिचा पुनर्विवाह होतो. टेलरची तारा चितेवरून उतरते ती विजापूरच्या मुसलमान सरदाराच्या घरात. एक लेखक ख्रिस्ती झालेला मराठी, दुसरा निजामाच्या चाकरीतला इंग्रज; दोघांनाही विधवेच्या सुखाची वाट तिच्या समाजाच्या आत सापडली नाही आणि दोघांनीही ती वेशीबाहेर काढली. याचा अर्थ दोघेही हिंदू समाजाचे निंदक होते, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु हरिभाऊ तर त्या समाजाच्या आतले, सुधारणेचे कैवारी आणि आपल्या माणसांवर जीव असलेले. त्यांनी तीस वर्षांनंतर लिहिताना आपल्या यमूला कोणती वाट दिली? कोणतीच नाही. केशवपन, छळ आणि मृत्यू. बाहेरच्यांनी वेशीबाहेरची वाट दाखवली, आतल्याने वाट नाही हे दाखवले. कायदा होऊन पिढी उलटली तरी कादंबरीला तो आपल्या घरात आणता आला नाही. 'तारा' या तुलनेत धरली नाही, तर ही गोष्ट एवढ्या ठसठशीतपणे दिसत नाही. तारेचा विवाह विक्टोरियन वाचकाच्या अद्भुताच्या आवडीसाठी जुळवला, असे इंग्रजीच्या बाजूने पाहणाऱ्याला वाटणे साहजिक आहे. मराठीच्या बाजूने पाहणाऱ्याला तोच विवाह एका समाजाच्या बंद दारावर पडलेली थाप म्हणून ऐकू येतो.

अशा कादंबरीची टीपांसहित मराठी आवृत्ती सिद्ध करणे हे एका माणसाचे काम नव्हे. ग्रँट डफच्या लेखनपद्धतीतून आलेली नावे मूळ मराठी रूपांत लावणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला करता येईल. पहिली आवृत्ती आणि नंतरच्या आवृत्त्या ताडून पाहणे, टेलरच्या पत्रांत या कादंबरीच्या रचनेविषयी काय येते ते काढणे, हे इंग्रजी विभागाचे काम. मुरळी आणि आराधीण यांचा प्रश्न घेऊन मात्र कोणालातरी पौषात मैलारपूरला आणि नवरात्रात तुळजापूरला जावे लागेल, आणि तेथे वाघ्यांना, आराध्यांना, भोप्यांना विचारावे लागेल की 'मुरळी' हा शब्द त्यांच्या आजीच्या तोंडी कोणासाठी येत असे. माळशिरस वा तुळजापूर तालुक्यातून पदव्युत्तर वर्गात आलेल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न विचारण्यासाठी दुभाष्या लागत नाही. त्याच्या हाती 'तारा'चे तीन खंड तेवढे पडावयास हवेत.